सहाशे ब्याऐंशी

बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमचा क्रेडिट स्कोअर सहाशे ब्याऐंशी. अगदीच वाईट नाही हो, पण गृहकर्जाला आम्हाला साडेसातशे लागतो."

मांडीवर लेक झोपली होती. छातीत बारीक घरघर. आमच्या भाड्याच्या खोलीची भिंत बारा महिने ओली असते. जागा बदला, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. कोरडं, दोन खिडक्यांचं एक घर आम्ही बघून ठेवलं होतं. त्याच्या मालकीणबाई, निवृत्त नर्स, पंधरा तारखेपर्यंत थांबणार होत्या. आज अकरा.

"पण मी आजवर एक दिवससुद्धा उशीर केलेला नाही," मी म्हणाले.

"ते दिसतंय. पण मार्चमध्ये हे जुनं क्रेडिट कार्ड का बंद केलंत?"

पहिल्या नोकरीत घेतलेलं ते कार्ड, चांगलं मोठ्या मर्यादेचं. घर घ्यायचं तर आधी सगळं आवरून घ्यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणाला होता, "राहू दे ना, खायला मागतंय का ते?" मी ऐकलं नाही. बाळ झाल्यापासून मला काही उघडं ठेवायची भीतीच वाटते.

"आता सगळा खर्च या दुसऱ्या, छोट्या मर्यादेच्या कार्डावर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फेडता सगळं, पण बिल निघतं तेव्हा कार्ड मर्यादेच्या नव्वद टक्के वापरलेलं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, या बाईची ओढाताण चाललीय. तीस टक्क्यांच्या आत ठेवा. आणि एका आठवड्यात सहा बँकांत अर्ज?"

"व्याजाचा दर विचारायला. भाजीसुद्धा मी चार ठिकाणी विचारून घेते."

"भाजीवाला लिहून ठेवत नाही. इथे प्रत्येक अर्जाची नोंद होते." त्यांना हसू आवरलं नाही. मग माझ्याकडे बघून त्या जरा हळू बोलल्या, "बिल निघायच्या आधीच थोडे थोडे पैसे भरत जा. नवा अर्ज नको. सहा-आठ महिन्यांत स्कोअर चढेल."

बाहेर पायऱ्यांवर बसून नवऱ्याला फोन लावला. मागे हातोड्याचे ठोके पडत होते. सगळं सांगितल्यावर ठोके थांबले.

"बोल की," मी म्हणाले. "म्हण, सांगितलं होतं म्हणून."

"आधी काही खाल्लंस का, बाईसाहेब?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ते सहा अर्ज तर मी एकटीनेच केले होते, त्याला न विचारता, दुपारी लेक झोपली की फोनवर.

मग मालकीणबाईंना फोन केला.

"आठ महिने कशी गं थांबू? दुसरे लोक रोज विचारतायत. हो म्हणू त्यांना?"

"म्हणा."

"पोरीची छाती कशी आहे?"

"आहे तशीच."

"पाळणा भिंतीपासून लांब ठेव हं."

"हो," मी म्हणाले. आमच्या खोलीत भिंतीपासून लांब अशी जागाच नाही, हे त्यांना सांगून काय करणार होते?