तिच्या जागी मी

मी 'एर' बोलतोय. डच भाषेतला दोन अक्षरांचा शब्द. एकटा मी फारसा कामाचा नाही. मागे एखादं अव्यय जोडलं की कामाला लागतो. 'मेट' म्हणजे 'सोबत'. तो माझ्याजवळ आला की 'मे' होतो आणि आमचा 'एरमे' बनतो. जुन्या सायकलीचं, फाटक्या छत्रीचं, उरलेल्या वाटाण्याच्या सुपाचं काय करायचं, हे विचारताना लोक मला वापरतात.

वस्तूच्या जागी मी उभं राहायचं. माणूस असेल तर 'मेट हार', म्हणजे 'तिच्यासोबत', असं सरळ म्हणायचं. नियम एवढाच. दिवसभर लाखो तोंडांत राबून मी शिणतो, पण हा नियम सोडत नाही. सोडतात ती माणसं.

कालव्याकाठच्या एका गावात गेस्के बोन्स्त्रा ही चौऱ्याऐंशी वर्षांची बाई वृद्धाश्रमात राहायची. तिला लेकीही आठवत नव्हत्या. समोरच्या घरातून रोज दहा वाजता कॉफीला येणारा नवरा, योरिट, तेवढा ओळखीचा उरला होता.

आश्रमाने तिचा मजला बंद करायचं ठरवलं. योरिटला आलेल्या पत्राला कार्यालयातली एक चिठ्ठी चुकून टाचली गेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'गेस्के बोन्स्त्रा. एरमे काय करायचं?'

तिच्या जागी मी. लाजेने मेलो.

योरिटने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तो चिठ्ठी घेऊन व्यवस्थापिका मारलूसबाईंसमोर बसला.

"हा शब्द खुर्चीला लावतात, बाई. माझ्या बायकोला नाही."

"आजोबा, शब्दाचा कीस कशाला काढताय? घाईत लिहिलं कुणीतरी."

"आजोबा तुमच्या घरी. खुर्ची हलवायला कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून हा शब्द सुचला तुम्हाला. तिला इथून हलवू नका. मी दिसलो नाही तर ती जेवणार नाही."

बाईंनी पेन काढलं, मला खोडलं, वर 'मेट हार' लिहिलं. "झालं समाधान?"

शब्द सुधारला. निर्णय तोच राहिला. पुढच्या सोमवारी गेस्केला चाळीस किलोमीटरवरच्या आश्रमात नेलं. दोन बस बदलाव्या लागतात आणि योरिटचे गुडघे गेलेत.

परवा शेजारच्या टॅकेने कुंपणावरून विचारलं, "काय रे, जाऊन आलास का तिच्याकडे?"

तो म्हणाला, "इक कान एर नीट बेइ."

हे 'नीट' तुमच्यातलं नव्हे. इथे त्याचा अर्थ 'नाही'. अख्ख्या वाक्याचे अर्थ दोन. 'हे माझ्या डोक्यात शिरत नाही.' आणि, 'माझा हात तिथवर पोचत नाही.' 'बेइ', म्हणजे 'जवळ', हा माझा जोडीदार. मध्ये 'नाही' घुसला आणि मी अलीकडे, तो पलीकडे.

योरिट आत गेला.

मी थकलोय. तुम्हाला हवं तिथे मला तोडा, ते माझ्या व्याकरणात बसतं. पण दोन माणसांना तोडायचा कागद लिहाल तेव्हा माझ्याआड लपू नका. तिचं नाव लिहा, आणि खाली तुमचं.