तौनोची रायफल

लेम्पी स्वतःच रायफल घेऊन आली. जुन्या लोकरी घोंगडीत गुंडाळून, तान्ह्या पोराला घ्यावं तशी दोन्ही हातांवर. ओन्नी तेव्हा अंगणात लाकडं फोडत होता. धाकट्या भावाची ही बायको कित्येक वर्षांत त्याच्या अंगणात आली नव्हती. दोन घरांमधलं अंतर म्हणाल तर एक बटाट्याचं शेत आणि एक ओढा.

"तौनोची आहे," ती म्हणाली. "गंजून गेलीय. दस्त्याचं लाकूड तर बघवत नाही. आमची पोरगी डार्लीन येतेय नोव्हेंबरात, शिकारीच्या मोसमाला. बाबांचीच रायफल घेऊन जंगलात जाणार म्हणते. नीट करून देशील?"

ओन्नीनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "गावात दुकान आहे ना."

"आहे. पण मी तुझ्याकडे आलेय."

त्यानं घोंगडी हातात घेतली. लेम्पी कॉफीलाही थांबली नाही.

तौनो एप्रिलमध्ये गेला होता. सुपीरियर सरोवराच्या काठावरचा बर्फ फुटायला लागला होता, तो नाव उलटी घालून तिला डांबर फासत होता आणि तिथंच छातीवर हात दाबून खाली बसला. ओन्नीनं भावाच्या शवपेटीला खांदा दिला, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर बायका कुजबुजल्या. त्यानं ते ऐकलं होतं.

भांडणाचं कारण कुणाला सांगितलं तर हसू येईल. एके वर्षी दोघं भाऊ नेहमीसारखे ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर, एका आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडावर बसले होते. मोठ्या शिंगांचं एक हरीण आलं. दोघांनी एकदमच चाप ओढले. हरणाच्या अंगात दोन भोकं निघाली. गोळी कोणाची, यावरून आधी थट्टा झाली, मग वाद. संध्याकाळी बारमध्ये सगळ्या गिरणी कामगारांसमोर तौनो म्हणाला, "ओन्नीची गोळी लागली खरी, पण हरीण आधीच मेलं होतं. मेलेल्याला मारण्यात आमच्या दादाचा हात कुणी धरणार नाही!" सगळे पोट धरधरून हसले. ओन्नीनं ग्लास खाली ठेवला आणि तो घरी आला. पुढच्या मोसमात तो नदीच्या अंगाला, लांब दुसऱ्याच जागी जाऊन बसला. त्याच्या पुढच्या मोसमातही. असं करत वर्षं गेली. रस्त्यात भेटले की दोघंही टोपीला हात लावायचे. बस्स.

"गोळी कोणाची, गोळी कोणाची," ओन्नीची बायको हिल्या त्या काळी कपाळावर हात मारून म्हणायची. "त्या हरणालाच विचारायचं होतं, मरायच्या आधी!"

आता तीच हिल्या परसातल्या खोपटाच्या दारात उभी राहून बघत होती. ओन्नीनं रायफल शिकंज्यात धरली होती. चाळीस वर्षं लाकूड-गिरणीत करवतींना धार लावलेला माणूस तो. पोलाद आणि लाकूड या दोघांशी त्याचं जितकं जमायचं तितकं माणसांशी कधी जमलं नाही. त्यानं स्क्रू सोडवून दस्ता नळीपासून वेगळा केला. अक्रोडाचं लाकूड घाम, तेल आणि धूळ खाऊन काळंमिट्ट झालं होतं. जागोजागी पोचे, खालच्या बाजूला एक लांबलचक चरा.

"तो चरा अस्वलाचा," हिल्या म्हणाली. "तौनो सगळ्यांना सांगायचा."

"कसलं अस्वल! ट्रकच्या मागच्या फळीत अडकवली होती त्यानं. मी होतो ना बरोबर."

बोलून गेला आणि परत दस्त्यावर वाकला. भावाबद्दल हसून काही बोलायची त्याची सवय मोडली होती.

जुनं वार्निश खरवडून काढायला काही दिवस गेले. मग पोच्यांवर ओलं फडकं ठेवून त्यानं वरून तापलेली इस्त्री दाबली. वाफेनं लाकूड फुगून पोचे वर आले, तसा त्याला उगीचच आनंद झाला. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. घासताना दस्त्याच्या एका बाजूला गाल टेकायची जागा लागली. तिथं लाकूड आधीच गुळगुळीत होतं, किंचित खोलगट. ओन्नीनं तिथं पेपर लावला नाही. का लावला नाही, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. नुसत्या तळहातानं जवसाचं तेल चोळलं. रोज एक पातळ हात, मग वाळत ठेवायचं. काळ्या लाकडातून हळूहळू मधासारख्या रेषा दिसायला लागल्या.

नळीचा गंज त्यानं तारेच्या काथ्यानं उतरवला. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पाणी तापवायच्या लांब टाकीत ती उकळली, पुसली, रंग चढवायचं औषध लावून परत उकळली. हिल्या करवादली, "शनिवारी आंघोळीच्या पाण्याला बंदुकीचा वास आला तर तुलाही उकळीन!" चौथ्या-पाचव्या खेपेला पोलादावर तो निळसर काळा रंग चढला, कावळ्याच्या पंखासारखा.

राहिला होता मागचा खटका, काडतूस आत ढकलून कुलूपबंद करणारा. तो गंजानं जाम झाला होता, म्हणून त्यानं तो रॉकेलमध्ये भिजत टाकला होता. एका पावसाळी दुपारी तो सुटा झाला. ओन्नीनं आतली स्प्रिंग काढली, मग सुई. काडतुसाच्या बुडाला ठोकर देते ती पोलादी सुई. ती टोकाकडे मोडलेली होती.

ती तशीच हातात धरून तो खिडकीपाशी गेला. पोलाद ताजं मोडलं की आतला भाग राखाडी, दाणेदार, चमकणारा असतो. इथं तो तपकिरी होता, गंज आतपर्यंत मुरलेला. आज-कालचं मोडलेलं नव्हतं हे. वर्षानुवर्षांचं होतं.

तौनो तर दर मोसमात जंगलात जायचा. अगदी गेल्या नोव्हेंबरातही. पहाटे त्याच्या घरातला दिवा लागलेला ओन्नी आपल्या खिडकीतून बघायचा. आणि तौनो दर वर्षी रिकाम्या हातानं परत यायचा. बारमध्ये लोक त्याला म्हणायचे, "तौनो, हरणं तुला नातेवाईक समजतात की काय?" ते ऐकून ओन्नीही गालातल्या गालात हसला होता.

त्यानं सुई खिशात टाकली, टोपी घातली आणि बटाट्याच्या शेतातून सरळ लेम्पीच्या दाराशी गेला.

लेम्पी पीठ मळत होती. वेलदोड्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला होता. त्यानं सुई टेबलावर ठेवली.

"ही मोडकी आहे."

"हो," लेम्पी म्हणाली. तिनं बघितलंही नाही.

"हिच्यानं गोळी उडत नाही, लेम्पी. कितीतरी वर्षं उडली नसेल."

"माहीत आहे. तुमच्या भांडणानंतर दुसऱ्या की तिसऱ्या मोसमात मोडली. मी म्हटलं, टाक दुरुस्त करून. तर म्हणाला, ओन्नी आला की त्याच्याकडूनच करून घेईन. तासाभराचं काम आहे त्याला." तिनं हाताचं पीठ झटकलं. "दर वर्षी हेच. मग रायफल घ्यायचा आणि जायचा तिथंच, तुमच्या त्या खोडावर. काडतुसं नेत नसे. मी विचारलं, मग जातोस कशाला मरायला थंडीत? म्हणाला, दादा कधीतरी येईलच, तेव्हा मी तिथं नसलो तर?"

ओन्नी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मला सांगायचं होतंस."

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, सांगितलंस तर तो दयेनं येईल, आणि ते मला नको." आता तिचा आवाज चढला. "आणि तुला काय रे झालं होतं? ओढा ओलांडायचा होता, समुद्र नाही! एकाच खडकाचे दोन तुकडे तुम्ही. मी मधे पडून पिचले."

तिनं त्याच्यासमोर कॉफी ठेवली, आणि त्यानं ती गार होईपर्यंत बघत राहून तशीच प्यायली.

नवी सुई त्यानं चांगल्या पोलादाच्या कांबीतून स्वतः घडवली. कानशीनं घासली, तापवली, तेलात विझवली, परत घासली. बसवून पाहिली. खरंच फार वेळाचं काम नव्हतं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी बर्फ पडून गेला होता. डार्लीन लांब शहरातून आली होती, तिथं ती शाळेत शिकवायची. तौनोसारखेच रुंद खांदे, तशीच मान तिरकी करून बघायची लकब. रायफल हातात घेऊन तिनं दस्त्यावरून हात फिरवला. मग गाल टेकवून पाहिला.

"ओन्नी काका, तुमची कुठं आहे?"

"घरी. आज तू मार. मी बसतो."

खोड अजून तिथंच होतं. साल कधीच गळून गेली होती. एका टोकाला लाकूड बसून बसून घासलं होतं, आणि दुसऱ्या टोकाला शेवाळ होतं, जाड, हिरवं, न दुखावलेलं. डार्लीन घासलेल्या जागी बसली. ओन्नी बराच वेळ उभा राहिला.

"बसा ना काका. पाय दुखतील."

तो शेवाळावरचा बर्फ झटकून बसला.

उन्हं वर आली तेव्हा हरीण आलं. बेताच्याच शिंगांचं, तरुण. डार्लीननं श्वास रोखला. गोळीचा आवाज झाडांतून घुमून सरोवराच्या दिशेनं गेला आणि हरीण दोन उड्या मारून कोसळलं. ती पळत गेली, गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. ओन्नीनं तिला रडू दिलं. मग चाकू काढून हरीण साफ केलं, आणि बर्फावरची घसरगाडी आणायला तिला ट्रककडे पाठवलं.

ती झाडांआड गेल्यावर तो एकटाच खोडापाशी उरला. हात रक्तानं भरलेले, वाफ निघत असलेले.

"आणली असतीस ती मोडकी रायफल," तो घरच्या जुन्या बोलीत मोठ्यानं म्हणाला. "आणून टाकली असतीस माझ्यापुढं, तर काय मी नाही म्हटलं असतं, गाढवा?"

जंगलात कुणीच नव्हतं. एप्रिलमध्ये जे आलं नव्हतं ते आता आलं, आणि आवरेना. हात घाण म्हणून डोळेही पुसता येईनात.

डार्लीन घसरगाडी ओढत परतली तेव्हा तिनं ते पाहिलं. दोघांनी मिळून हरीण गाडीवर चढवलं, दोरी खांद्यावर घेतली आणि दोघं सावकाश उतरणीला लागली. तिची चाल दमदार होती. ओन्नीला तिच्याबरोबर राहायला जड जात होतं, पण थांब म्हणायला त्याला आजही धीर झाला नाही.