गळतीचा उगम

"या पृथ्वीतलावर अशी एकही गळती नाही, जिचा उगम मला सापडणार नाही," असं भावोजींनी एका रविवारी जेवता जेवता जाहीर केलं. त्यानंतर जी अदबशीर शांतता पसरली, तिच्यात स्वयंपाकघरातला नळ म्हणाला, टप.

भावोजी प्लंबर. गल्लीत त्यांना 'पाना' म्हणतात, काही जण तोंडावरही. गावभरचे नळ त्यांच्या नुसत्या खाकरण्याने बंद होतात. घरचा मात्र मला आठवतं तेव्हापासून गळतोय. त्याखाली ताईने स्टीलची वाटी ठेवलेली. भावोजी उठले, वाटीत फडक्याची घडी ठेवली आणि परत येऊन बसले. झालं काम.

त्याच जेवणात ताई म्हणाली की सत्र संपलं की ती शाळेची नोकरी सोडणार.

ताई माझी थोरली बहीण. मी वरच्या मजल्यावर राहतो आणि भूक लागली की खालच्या. ती मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवते. दोरीवरच्या उड्या हा तिचा जीव की प्राण. ती उड्या मारू लागली की दोरी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. अशी बाई नोकरी सोडते म्हणजे मासा पाणी सोडतो म्हणण्यासारखं. कारण विचारलं तर म्हणाली, गुडघा.

गुडघ्यावर माझा विश्वास बसेना. जिना ती अजूनही पळत चढायची. उलट इतर गोष्टी मला खटकत होत्या. पाणी ती घोट घोट पिऊ लागली होती, औषध असल्यासारखं. कुठेही गेलं की दाराजवळची खुर्ची धरायची. शिंक आली की आधी पायावर पाय टाकायची, मग शिंकायची. आणि माझे विनोद ऐकून तिने हसणं सोडलं होतं, पण यात आजाराचा भाग किती आणि विनोदाचा किती, हे ठरवणं अवघड होतं.

"गुडघा तुझा आहे का माझा?" ताईने विचारलं आणि विषय मिटवला.

भावोजींचा तपास वेगळ्या दिशेने चालला होता. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, फ्लशचा आवाज ऐकता का? सारखा चालू असतो. व्हॉल्व गेलाय, टाकी आतल्या आत गळतेय. मी म्हटलं, कोणी वापरत असेल. अडाण्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शालक महाराज, इतक्या वेळा माणूस जात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टाकी उतरवली. टाकी उतरवलीच आहे तर म्हणून कमोडचं भांडंही उतरवलं. वर्तमानपत्रावर वॉशर, फ्लोट, स्क्रू असे मांडून ठेवले होते की प्रदर्शनच. मी टॉर्च धरून उभा होतो. तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

ताई आत आली ती थेट तिकडेच. पर्स वाटेत पडली. चौकट धरून, पायाला पाय जुळवून ती थांबली. भावोजींनी जुना व्हॉल्व उंच धरला. सापडला उगम, ते म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग जमिनीतल्या भोकाकडे.

"टाकी नाही गळत," ती म्हणाली. "मी गळते."

आणि गुडघ्याची कसलीही भीड न ठेवता ती जिना चढून माझ्याकडे वर गेली.

भावोजी वॉशर बोटात फिरवत खाली बसून राहिले. ताई उतरून आली तेव्हा सगळं सांगून मोकळी झाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी शिंकेला, मग खोकल्याला, आता दोरीला. उडी मारली की थोडं निसटतं. मुलींसमोर कधी फजिती होईल सांगता येत नाही, त्यापेक्षा सोडलेलं बरं. आईलाही हेच व्हायचं आणि आई म्हणायची, बायकांचं असंच असतं.

"मला सांगायचंस ना," भावोजी म्हणाले.

"तुम्ही टेप गुंडाळली असती."

भावोजींनी नाकारलं नाही.

डॉक्टरीण बाईंनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. भावोजी सोबत निघाले आणि मीही निघालो; चौकसपणा आमच्या घरात दोन्हीकडून आलेला आहे. फिजिओ म्हणजे ताईच्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिच्या टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा होता. भावोजींनी चष्मा लावला, तो उचलला आणि बेसिन बघतात तसा खालून बघितला.

मुलीने त्यात बोट घालून दाखवलं. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते, ओटीपोटाचा तळच म्हणा ना. मूत्राशय, गर्भाशय, आतडं, सगळं तिच्यावर विसावलेलं. बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठ, जड उचलणं, वय, यांनी ती सैलावते. मग माणूस पाणी पिणं कमी करतो, आणि त्याने मूत्राशय आणखी चिडतं. 'असू दे, जाऊन येऊ' म्हणून उगाच सारखं गेलं की ते लाडावतं. हे पुष्कळ जणींना होतं, ती म्हणाली, पण पुष्कळ जणींना होतं म्हणून सोसत बसायचं नसतं.

"म्हणजे वॉशर गेलाय," भावोजी म्हणाले.

"वॉशर नाही काका, स्नायू. बदलता येत नाही. शिकवता येतो."

मग तिने आम्हा तिघांनाही बसल्या जागी करायला लावलं. भरल्या सभेत वारा अडवतो तसं आवळायचं, वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सोडायचं. भावोजी लाल झाले.

"काका, श्वास घ्या. सध्या फक्त तुमच्या भुवयांचा व्यायाम होतोय."

पुरुषांनाही हे असतं का, असं भावोजींनी विचारलं. नसतं तर तुमचं सगळं सामान खाली आलं असतं, ती म्हणाली. भावोजींनी चष्मा काढून पुसला. मग खिडकीकडे बघत म्हणाले की त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला जड पाइप उचलताना थोडं, म्हणजे अगदी थोडं, होतं.

"त्या माणसाला सांगा, उचलताना आवळा आणि श्वास सोडा. कोंडू नका. आणि एकदा तपासून घ्या."

त्या माणसाने मान हलवली.

सोडणंही तितकंच महत्त्वाचं, ती ताईला म्हणाली. तुम्ही भीतीने दिवसभर आवळूनच असता. मूठ सकाळपासून आवळून ठेवली तर संध्याकाळी तिच्यात किल्लीही धरवत नाही. हे ऐकून भावोजी गंभीर झाले; प्रत्येक नळ एक पीळ जास्त आवळण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पुढे कित्येक आठवडे ताई खुर्चीत डोळे मिटून बसायची आणि काय करतेय ते कोणालाच दिसायचं नाही. असा व्यायाम मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हणजे बघत नव्हतो. हळूहळू ती दाराजवळच्या खुर्चीवरून मधल्या खुर्चीवर सरकली. पेला भरून पाणी पिऊ लागली. कंबर कमी दुखते म्हणाली. एकदा माझ्या विनोदाला हसली, तोही जुना.

सत्राच्या शेवटच्या दिवशी ती दोरी घेऊन शाळेत गेली. आम्ही दोघं टेबलाशी बसून राहिलो, निकाल लागायचा असल्यासारखे. ती आली ती घामाघूम.

"थोडं झालं," ती म्हणाली. "थोडंच. पण मी थांबले नाही. मोठ्या बाईंना सांगून आले, पुढच्या सत्राला मी आहे."

भावोजींनी खुर्ची मागे सारली, पिशवीतून पाना काढला आणि उभे राहून म्हणाले की माणसाची सारी इमारत ज्या तळावर उभी आहे त्याकडे आपण पाहतच नाही, पण इथून पुढे दुर्लक्ष नाही; आज या घरातली उरलेली गळतीही ते कायमची बंद करणार. आणि ते नळाकडे निघाले.

ताई तोवर खुर्चीत बसली होती. डोळे मिटलेले, खांदे सैल.

"अहो, नळाला हात लावू नका," ती म्हणाली. "त्याच्याच तालावर करते मी. एका थेंबाला आवळायचं, दुसऱ्याला सोडायचं. तेवढं वाटीतलं फडकं काढा, नीट ऐकू येत नाही."