राजनंदिनीचा पाडवा

राजनंदिनी ही आमची म्हैस. सिस्टर लोक कोल्हापुरात निराधार बायकांसाठी घर चालवतात, तिथल्या गोठ्यात ती जन्मली. मी वर्षाराणी, तिथंच स्वयंपाक करते. एवढी ओळख पुरे.

बायडाबाई आमच्याकडं आली ती मांडीचं हाड मोडून. मुलगा जोतीराम 'चार दिवसांत नेतो' म्हणून सोडून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. गवळी गल्लीत पन्नास वर्षं म्हशी राखलेली बाई भिंतीकडं तोंड करून पडायची. सिस्टर आल्फींनी तिला उपदेश केला नाही. हातात काठी दिली आणि गोठा दाखवला. वर्षभरात बाई धार काढायला बसू लागली. मग तिनं हट्टच धरला, पाडव्याला राजनंदिनी आपल्या गल्लीत पळवायची.

"लोकं म्हणत्यात, बायडाबाईला टाकली. मी टाकाऊ हाय का न्हाय, ते गल्लीनं बघू दे की."

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. मालक गाडीवरून हाका मारत पुढं, म्हैस मागं. म्हैस हाकेला आली नाही तर मालकाचं नाक कापलं गेलं म्हणून समजा. आम्हाला मात्र घोर नव्हता. राजनंदिनी अंगणात रोज संध्याकाळी स्कूटरमागं झकास पळायची.

पाडव्याला शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली. सिस्टर आल्फी मूळच्या केरळच्या, पण वीस वर्षांत जीभ इथली झालेली. स्कूटरवर मागं बायडाबाईला बसवून, "पावणं, सरका की बाजूला!" असं ओरडत त्या गल्लीत शिरल्या. मी म्हशीचा कासरा सोडला. बायडाबाईनं हाक मारली. राजनंदिनी ढिम्म. पुन्हा हाक. बाईसाहेबांनी शेपूटसुद्धा हलवलं नाही.

गल्ली खो-खो हसली. जोतीराम पुढं आला. "आई, बास की आता. घालवलीस तेवढी लाज पुरं."

बायडाबाईचा चेहरा पडला. माझं डोकं असं फिरलं, की त्याला तिथंच चार शब्द सुनावणार होते. तेवढ्यात सिस्टरांनी कपाळावर हात मारला. आमच्याकडं सगळं घंटेवर चालतं. उठणं, प्रार्थना, जेवण, धारसुद्धा. सरावही आम्ही संध्याकाळची घंटा झाली की करायचो. म्हैस हाकेला कधी पळतच नव्हती, घंटेला पळत होती! आणि आम्हा शहाण्यांपैकी एकीच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

"घंटा! कुणाकडं घंटा हाय का?" सिस्टर ओरडल्या.

जोतीरामची बायको क्रांती दारात उभी होती. नवऱ्याकडं न बघता ती आत पळाली, देवघरातली घंटी आणून सासूच्या हातात दिली. "वाजवा, आत्याबाई."

घंटी वाजली. राजनंदिनीनं कान टवकारले, मान वर झाली आणि ती सुटली! सिस्टरांचा पांढरा झगा वाऱ्यावर, मागं वळून घंटी बडवणारी सत्तरीची बाई, आणि तिच्यामागं आमची म्हैस. हसणाऱ्यांनीच शिट्ट्या मारल्या, फटाक्यांच्या माळा लावल्या. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन तिघी परत आल्या. मी रडत होते आणि नाचतही होते.

जोतीराम खाली मान घालून आला. "आई, घरला चल."

बायडाबाई म्हशीचं कपाळ खाजवत होती. तिनं वर बघितलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येतो की. पावणी म्हणून येतो. घर माझं तिकडं हाय."