तेलातलं बॉइल्ड

आमच्या लासुर्ण्याच्या कुंडलिकाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या हातून चहासुद्धा उतू जायचा. पण बारामतीच्या एका म्हाताऱ्या बटलरचे पाय चेपून तो इंग्रजी शब्द शिकला होता: उकडणं म्हणजे बॉइल, तळणं म्हणजे फ्राय, भाजणं म्हणजे रोस्ट. तळलेल्याचं कौतुक करायला क्रिस्पी आणि गोल्डन हे दोन दागिने वेगळेच. एवढ्या भांडवलावर हा गडी साखर कारखान्यावरच्या गोऱ्या इंजिनियरकडे आचारी व्हायला निघाला. काय म्हणावं या माणसाला!

रांधणार होती त्याची बायको प्रयागबाई, मागच्या दाराने येऊन. पहिलं जेवण पसंत पडलं तर नोकरी आणि राहायला पक्की खोली. नाहीतर पुन्हा थोरल्या भावाच्या उसाला पाणी देणं आणि त्याची बोलणी खाणं.

साहेबाने फर्मावलं, "बॉइल्ड बटाटा, बॉइल्ड कोबी. नो मसाला."

कुंडलिकाने आत येऊन सांगितलं तशी प्रयागबाई हळहळली.

"आजारी हाय का वं त्यो?"

"न्हाय गं, धडधाकट हाय."

"मग उकडल्यालं कशापायी मागंल? परक्या मुलखात लाजतंय लेकरू!"

लेकरू पन्नाशीचं होतं. तिने कोबी-बटाटा चिरला, मिरची ठेचली, बेसनात कालवलं आणि कढई चढवली. कुंडलिकाने हात जोडले, पण ऐकेल तर ती प्रयागबाई कसली!

भज्यांचं ताट बघून साहेबाने भुवया चढवल्या. "आय सेड बॉइल्ड."

कुंडलिकाच्या डोळ्यांपुढे थोरला भाऊ उभा राहिला.

"यस सर, बॉइल्ड," तो म्हणाला. "इन ऑइल." आणि उरलेले दागिनेही वाहून टाकले, "क्रिस्पी! गोल्डन!"

साहेबाने एक भजं तोंडात टाकलं. नाक लाल झालं, डोळ्यांतून धारा लागल्या.

"बघा," दाराआडून प्रयागबाई कुजबुजली, "आईची आठवण आली."

साहेबाने ताट चाटूनपुसून संपवलं आणि आणखी मागायला तो थेट स्वयंपाकघरातच शिरला. हातात झारा घेतलेली प्रयागबाई त्याला दिसली. मग त्याने कुंडलिकाचे स्वच्छ हात पाहिले.

"कुक," तो तिच्याकडे बोट करून म्हणाला. मग कुंडलिकाकडे वळला. "अँड यू?"

कुंडलिकाने हात पाठीमागे लपवले. प्रयागबाईला प्रश्न बरोबर कळला. तिने कांद्यांची टोपली नवऱ्याच्या हातात दिली.

खोली मिळाली. कुंडलिक तिथे रोज कांदे चिरतो. डोळे का पुसतोस विचारलं, तर म्हणतो, "आईची आठवण आली."