बुटांखालची वाट

थू! माफ करा, मित्रांनो. बोलायला तोंड उघडलं की आधी तोंडातलं थुंकून टाकावं लागतं. मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. हातभर लांब, चार बोटं उंच आणि दोन खुंटांवर आडवी जडवलेली. नदीकाठच्या एका चहाच्या हॉटेलाच्या पायरीशी मला रोवलं आहे. फिरून आलेली माणसं माझ्या धारेवर बुटांचे तळवे घासतात, सगळा चिखल माझ्या पदरात टाकतात आणि आत जाऊन ऐटीत चहा पितात. मी जन्मभर काय खाल्लं ते ऐकाल तर तुमचा घास घशातच अडकेल. चिखल, शेण, चिरडलेल्या गोगलगायी आणि कुणीतरी चघळून फेकलेलं च्युइंगगम. ते एकदा चिकटलं की ऋतू बदलतो, पण ते निघत नाही. शी!

माझा आधीचा जन्म याहून बरा होता. तेव्हा मी एका गाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव होते. मुलूख पालथा घातला होता मी. गाडी मोडली, चाक चुलीत गेलं आणि मी लोहाराच्या अंगणात गंजत पडले. मग एके दिवशी हॉटेलवाले आबा आले. लोहाराने मला तापवलं, सरळ केलं, धार काढली आणि आबांच्या हातात देत म्हणाला, "हिनं वाटा लई तुडवल्या, आबा. आता वाटेनंच हिच्याकडं चालत यावं."

आणि वाट खरंच चालत आली. आमच्याकडची फिरायची वाट मोठी सोपी आहे. चढ नाही, दम लागत नाही. हॉटेलाच्या मागून निघते ती आधी नदीचा काठ धरते. मग रानात शिरते. रानातून सुटली की मोठ्या बागेच्या हिरवळीवर येते आणि गोल वळसा घेऊन पुन्हा माझ्या पायरीशी टेकते. मी तिच्यावर एक पाऊलही टाकलेलं नाही. पण बुटांखालून मला ती सगळी कळते. फक्त उलटी कळते. तळव्यावर सगळ्यांत वर असतं ते बागेचं कापलेलं गवत. त्याखाली रानाची काळी, कुजक्या पानांची माती. आणि अगदी आत, तळव्याला चिकटून, नदीचा करडा गाळ. जे आधी तुडवलं ते शेवटी निघतं. ही एवढी एकच विद्या मला येते.

आबा होते तोवर माझे लाड होते. रोज संध्याकाळी ते एक चपटी काठी आणि डबाभर पाणी घेऊन माझ्यापाशी उकिडवे बसायचे. माझे कोपरे साफ करताना चिखलाशी बोलायचे. "अरे वा, आज रानात भुईछत्र्या उगवल्यात वाटतं!" सोमवारी मात्र ते फावडं खांद्यावर टाकून घरामागे जायचे आणि तासाभराने परत यायचे. सूनबाई हसायच्या. त्यांना सगळं गाव वहिनी म्हणतं. "लोक काठी घेऊन फिरायला जातात, आमचे सासरे फावडं घेऊन जातात!" आबाही हसायचे आणि विहिरीवर हात धुवायचे. बराच वेळ धुवायचे.

रोज येणाऱ्यांत पोस्टमन काका होते. नोकरी संपली तरी पाय थांबेनात म्हणून काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवून ते रोज ही वाट फिरवायचे. म्हातारी कुत्री खुर्चीला बांधलेली असायची. काकूंना बाहेरचं जग म्हणाल तर ही वाट आणि वहिनींच्या हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबल, एवढंच. काका आधी आपले बूट माझ्यावर घासायचे, हळूच, जणू मला लागेल. मग खुर्ची तिरकी करून एकेक चाक माझ्या धारेला लावून फिरवायचे. काकू तोवर गुणगुणायच्या,

"पाय माझे रुसले बाई, चाकांनी मी चालते,
वाटेवरच्या पानाफुलांशी नजरेनं बोलते."

"वहिनी," काका दारातून ओरडायचे, "बुटांची खरडपट्टी ही काढते आणि गिऱ्हाइकांची तुम्ही!"

"मग चहा उधारीवर नाही, शिव्या फुकट!" आतून उत्तर यायचं.

मग आबा गेले. चपटी काठी कुणीतरी चुलीत घातली. "लोखंडाला काय अंघोळ घालायची?" असं वहिनींचे यजमान दादा म्हणाले आणि माझा विषय संपला. माझ्या पायाशी चिखल साचला. चिखलावर चिखल, त्यावर माश्या. दोन वर्षं अशी गेली.

आणि मग तो वास आला.

मित्रांनो, शेणाचा वास मला चालतो, शेण प्रामाणिक असतं. हा तसा नव्हता. सडका, तेलकट, नासक्या दुधासारखा, वर साबणाची फोडणी दिलेला. सकाळच्या पहिल्या बुटाने तो माझ्यावर पुसला तेव्हा मला वाटलं, आपल्याला पोट नाही ते बरं. दुसऱ्या बुटावरही तोच. प्रत्येक तळव्याच्या अगदी आतल्या थरात तोच. माणसं घासून आत जात आणि वास त्यांच्या पाठोपाठ टेबलापर्यंत जाई. लोक कप अर्धे ठेवून उठू लागले. वहिनी फिनेल ओतून ओतून थकल्या.

"हा कुत्र्यांचा प्रताप आहे," त्यांनी एके दिवशी जाहीर केलं. "बागेत घाण करतात आणि चाकं ती माझ्या घरात आणतात."

दादा भीत भीत म्हणाले, "अगं, बघितलंस का तू?"

"नाक आहे मला! बघायला कशाला हवं?"

दुसऱ्या दिवशी काका-काकू आले तेव्हा दारावर पाटी होती : कुत्रे आणि चाकं आत आणू नयेत. काकांनी ती वाचली. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवणाऱ्या माणसाला आपल्या नावाचं पत्र कळायला वेळ लागला नाही.

"वहिनी, चाकं घासलीत मी. रोज घासतो."

"काका, राग मानू नका. पण गिऱ्हाइकं तुटायला लागलीत. काकूंना बाहेरच थांबवा, मी चहा पाठवते."

"काकू म्हणजे काय सायकल आहे, बाहेर लावून यायला?"

काकूंनी चाकावरचा हात उचलून मांडीवर ठेवला, जणू चाकालाच हात लावायची लाज वाटली. त्या हाताकडे मी पाहिलं आणि मला माणसांची जी किळस आली ती कुठल्याच चिखलाची आली नव्हती. मला ठाऊक होतं ना! बागेची घाण असती तर ती सगळ्यांत वरच्या थरात असती. पण लोखंडाला जीभ कुठली?

खुर्ची वळली. तिचं एक सैल चाक टिक टिक करत लांब गेलं. त्यानंतर ते आलं नाही.

वास मात्र राहिला. उलट वाढला. आठ दिवसांत ना कुत्रं आलं ना खुर्ची, तरी टेबलं रिकामीच. नवव्या दिवशी वहिनी हातात सुरी घेऊन तरातरा बाहेर आल्या. "ही पट्टीच सडलीय. उपटून नदीत फेकते मेलीला!"

माझा शेवट जवळ आला होता. त्या गुडघ्यांवर बसल्या, नाकाला पदर लावला आणि माझ्या खुंटाजवळची ढेकळं सुरीने उकलू लागल्या. त्यांत एक ताजं ढेकूळ होतं. सकाळीच एका जाडजूड गृहस्थाच्या बुटावरून अख्खं सुटून उलटं पडलेलं. सुरी लागली आणि त्याचे थर अलगद वेगळे झाले. वहिनींनी पहिला थर हुंगला. कापलेलं गवत. दुसरा हुंगला. रान. त्या थबकल्या. तिसरा नाकाशी नेला आणि तोंड फिरवून "ईऽ!" करून ओरडल्या.

पण टाकला नाही. पुन्हा जवळ घेतला. त्या गाळात चहाचा चोथा होता. टोमॅटोची बी होती. आणि भांडी घासायच्या घासणीचा एक निळा धागा होता. वहिनींच्याच घासणीचा.

"अहो," त्यांनी हाक मारली, तीही अगदी हळू. दादा हात पुसत बाहेर आले. "आबा सोमवारी कुठं जायचे हो?"

"फिरायला."

"फावडं घेऊन?"

दोघं घरामागे गेले. मी इथे रोवलेली, मला दिसलं नाही. पण ऐकू आलं. झुडपं बाजूला केल्याचा आवाज. दादांचं "अरे देवा." मग वहिनींना उलटी झाली त्याचा आवाज. स्वयंपाकघराच्या आणि संडासाच्या पाण्याची टाकी तिथे होती. आबा दर सोमवारी तिचं तोंड मोकळं करायचे, बोभाटा न करता. दोन वर्षं कुणी तिकडे फिरकलं नाही. टाकी तुंबली, नळ फुटला आणि सगळं खालच्या वाटेवर उतरलं, जिथे प्रत्येक माणूस पहिलं पाऊल टाकतो, तिथे. तिथून थोडं नदीतही गेलं. म्हणजे इतके दिवस मी ज्यांच्या तळव्यांना नावं ठेवत होते ते बिचारे आमचीच घाण आमच्या दारी परत आणून देत होते. मलाच माझी शिसारी आली.

त्याच दुपारी पाटी उतरली. टाकी उपसायला माणसं आली, नवा नळ बसला, वाटेवरचा गाळ खरवडून ताजी माती पडली. आणि वहिनींनी दारात उभं राहून काकांना फोन लावला. आत चार टेबलं भरलेली होती. त्या आडोशाला गेल्या नाहीत.

"काका, मी बोलतेय... नाही, कुत्रीची नव्हती. चाकांचीही नव्हती... आमची. हो, आमच्याच घरची घाण होती." सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. "काकूंना घेऊन या ना... बरं. बघा."

बघू म्हणाले असावेत. एक दिवस गेला, चार गेले. खिडकीजवळचं टेबल वहिनी रोज पुसायच्या आणि कुणाला बसू द्यायच्या नाहीत. अकराव्या दिवशी लांबून आवाज आला. टिक टिक, टिक टिक.

काका खुर्ची तिरकी करायला वाकले तोच वहिनी ओला फडका घेऊन धावत आल्या आणि माझ्यापाशी मांडी घालून बसल्या. एकेक चाक हातात घेऊन पुसू लागल्या.

"अगं, हात घाण होतील," काकू म्हणाल्या.

"होऊ दे काकू. चाकं मीच आधी पुसायला हवी होती."

काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्याच नादात गुणगुणल्या,

"कुणाच्या गं पायी चिखल, कुणाच्या गं दारी,
फिरून फिरून वाट येते आपुल्याच घरी."

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी बूट काढले, माझ्याशेजारी नीट जोडून ठेवले आणि नुसत्या मोज्यांनी आत गेले. "काका, घासून या ना, बूट काढायचे कशाला?" वहिनी म्हणाल्या. "असू दे," ते म्हणाले.

तेव्हापासून ते रोज येतात, चहा पितात, चेष्टाही करतात. पण बूट बाहेर. इतक्या हळुवारपणे माझ्यावर टेकणारे ते तळवे मला पुन्हा मिळाले नाहीत. शेजारी ठेवलेल्या त्या बुटांकडे मी रोज पाहते. त्यांच्याखाली ती सगळी वाट असते, आणि ती मला चाखता येत नाही.

आता संध्याकाळी वहिनी नवी चपटी काठी घेऊन माझ्यापाशी बसतात. सोमवारी फावडं घेऊन मागे जातात. मित्रांनो, माझ्यासारख्या चिखल खाणारीचं एवढं ऐका. किळस आली तर खुशाल येऊ द्या, पण कुणाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरामागे एक फेरी मारून या. आणि नदीकाठी फिरायला आलात तर बूट माझ्यावर घासल्यावाचून आत जाऊ नका. तेवढं च्युइंगगम मात्र घरीच ठेवा. थू!