दोरीवरचं झबलं

दोरीवरून एकच झबलं गेलं होतं, आणि तेही जुनं. सत्यमच्या मामानं आणलेले नवे कपडे तिथंच वाळत होते. गेलं ते धुऊन धुऊन विरलेलं, गळ्याशी दुधाचा डाग राहिलेलं पिवळं झबलं. चिमटा खाली पडलेला नव्हता. कुणीतरी तो काढून, झबलं घेऊन, परत दोरीला लावला होता.

"वाऱ्यानं गेलं असेल," राजकुमार, माझा नवरा, म्हणाला. तो वाळूजला कंपनीत आहे. पहिली पाळी करून नुकताच आला होता आणि बूट काढता काढता त्याचे डोळे मिटत होते.

"वारा चिमटा परत लावतो का?"

"तूच लावला असशील, सोनिया. तुला हल्ली काय लक्षात राहतं?"

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. सात महिन्यांपूर्वी सत्यम झाला तेव्हापासून मी गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघते. तो झोपला की छाती हलतेय का बघायला हात ठेवते, आणि हातानं जागा होतो म्हणून पुन्हा झोपवत बसते. पण चिमटा मी लावला नव्हता. एवढं मला नक्की माहीत होतं.

आमचं घर हर्सूलला, गुलमोहर कॉलनीत. तळमजला, पुढं अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत. कुणीही हात घालू शकतं.

ती बाई त्याच आठवड्यात दिसायला लागली. भाजीच्या गाडीपाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. साठीची असेल, अंगावर इरकली लुगडं, हातात कापडी पिशवी. भाजी तिनं घेतलीच नाही, सत्यमकडं बघत राहिली.

"पयलंच का गं माय?"

"हो."

"आधी काही वाया गेलेलं नाय ना?"

मी तिच्या तोंडाकडं बघायला लागले.

"अंगावर पितो? ताप-बीप लई येतो का?"

"नाही."

"तुझी भावंडं किती? समदी हायती ना?"

मी निवडलेले टोमॅटो तसेच सोडून घरी आले. बाळ निरोगी आहे का, आमच्या घरात सगळे जगलेत का, असं अनोळखी माणूस कशासाठी विचारून घेतो?

त्या दुपारी त्याला पाजताना मी फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ बघत होते. बघायचे नाहीत असं रोज ठरवायचे. एक बघितला की फोन आपणहून दुसरा पुढं करायचा. एकात सांगत होते, आधी म्हातारी बाई येऊन चौकशी करून जाते. दुसऱ्यात, लेकराच्या अंगावरचा कपडा नेतात, मग त्या वासाला ओळखून लेकरू रडत नाही. मी बी.एस्सी. केलंय. असलं काही नसतं हे मला कळत होतं. तरी राहिलेले कपडे मी आत आणून खुर्च्यांवर टाकले आणि खोलीभर कुबट वास बसला.

पुढं दोनदा तिनं आमची कडी वाजवली. मी जाळीच्या दारातूनच विचारलं, काय पाहिजे. "काय नाय, जरा काम व्हतं," म्हणत ती मागं-पुढं बघायला लागली. ज्याचं सरळ काम असतं तो मागं-पुढं बघत नाही. मी दोन्ही वेळा दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी ती समोरच्या विजेच्या खांबाला टेकून उभी होती. मी खिडकीच्या ग्रीलमधून फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं एवढंच, "ही बाई कोण आहे? कुणी ओळखतं का?"

ओळखत कुणीच नव्हतं. पण आठवायला सगळ्यांना लागलं. कोपऱ्यावरच्या कारभारी काकांनी लिहिलं, काल अंगणवाडीपाशी हीच होती. मागच्या गल्लीतल्या आशाबाईंनी लिहिलं, माझ्या नातवाला गोळी देत होती, मी हाकललं. कुणीतरी एक व्हिडिओ टाकला, तो कुठल्या गावचा, कुठल्या वर्षीचा, देव जाणे. त्यातल्या बाईच्या हातातही पिशवी होती. मी एकेक मेसेज वाचत होते, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. म्हणजे मला वेड लागलेलं नाही. सगळ्यांना दिसतंय.

थोड्या वेळानं बाहेरून गलका ऐकू आला.

सत्यमला कडेवर घेऊन मी गिरणीपाशी गेले, तर माणसांच्या मधोमध ती होती. डोक्यावरचा पदर खाली आला होता. आशाबाईंनी तिला एक ठेवून दिली होती, गालावर बोटं उठली होती. दोघं-तिघं फोन वर धरून चित्रण करत होते. कारभारी काकांनी तिची पिशवी रस्त्यावर उलटी केली. त्यातून एक हिरवा खण पडला, घडी घातलेला, हळदकुंकू लावलेला. काकांनी उकलला. आत माझं झबलं होतं.

"बघा. हे कुणाचं?" काकांनी ते दोन बोटांत उचलून धरलं. "करणी करायला आली होती रांड."

हळदकुंकू बघून पहिल्यांदा मलाही करणीच दिसली. आणि मग, कसं सांगू, तेच दुसरं काहीतरी दिसायला लागलं. कुणी लिंबू-टाचण्या घालून ठेवतं तसं ते नव्हतं. ओटी भरायला ठेवतात तसं होतं. सत्यम झाला तेव्हा माझ्या आईनं त्याला पहिल्यांदा नवं काही घालू दिलं नव्हतं. शेजारच्या धडधाकट पोराचं जुनं झबलं मागून आणलं होतं. जगलेल्या लेकराचं अंगावरचं घातलं की हेही जगतं म्हणून. मागून आणणारी आधी विचारून घेते, त्या घरात काही वाया गेलेलं नाही ना.

भाजीच्या गाडीपाशी तिनं मला हेच तर विचारलं होतं.

"माय, तूच सांग," ती म्हणाली. रडत नव्हती.

"मी दिलंय ते," मी म्हणाले.

काकांनी वळून बघितलं. "तुम्ही? अहो, फोटो तर तुम्हीच टाकला."

"विसरले होते. आधी दिलं होतं, नंतर... ओळखलं नाही मी."

"ओळखलं नाही," आशाबाई म्हणाल्या. "शिकलेल्या पोरी ह्या. आमच्या हातून पाप करून घेतलं."

गर्दी लगेच पांगली नाही. लोकांना माझा राग आला होता, आणि तो जिरवायला तिथं काही नव्हतं. चित्रण करणाऱ्यांनी फोन खिशात घातले. ते पुसून टाका, असं म्हणायचं तेव्हा मला सुचलं नाही.

ती समोरच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहत होती. तिथं महिन्यापूर्वी नवे भाडेकरू आले होते. त्यांच्यातल्या रूपाला कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला मनाई केली होती. दोन लेकरं दिवस भरायच्या आत गेलेली, आता तिसऱ्या वेळी चौथा महिना. ही बाई, केसरबाई, तिची आई, फुलंब्रीहून नुकतीच आलेली. पाचवा लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून कुणासाठी मागतेय हे तोंडातून काढायची सोय नव्हती.

"दोरीवरलं उचललं खरं, पर मागितल्याबिगर ते पावत नाय. मागायलाच आले व्हते," जिना चढताना केसरबाई म्हणाल्या. "तू दार लावलंस."

मी घरी येऊन फोटो काढून टाकला. दुपारी राजकुमार आला तो फोन पुढं धरूनच. कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्याला पाठवलं होतं. फुलंब्री रोडवर टोळी पकडली, लेकरांना जपा, पुढं पाठवा. खाली केसरबाई खांबाला टेकलेल्या.

"आपल्या ग्रीलची नक्षी दिसतेय गं ह्यात," तो हळूच म्हणाला. मला रागवला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी रूपानं मला वर बोलावलं. मी सत्यमचे कपडे पिशवीत भरून नेले. तिनं पिशवीला हात लावला नाही.

"आईला गावी जायचंय. भावाचा फोन आला, तिथंही फोटो पोचलाय. म्हणतोय घरी ये. ती एकटी बसमध्ये चढायला तयार नाही आणि माझे मिस्टर शेंद्र्याला ड्युटीवर. फोटो तुम्ही काढला ना? मग तुम्हीच पोचवा."

केसरबाई भिंतीशी बसल्या होत्या. माझी नजर रूपाच्या पोटाकडं गेली, सहजच, तर त्यांनी उठून लेकीवर चादर ओढली. मी ज्या नजरेनं त्यांच्याकडं बघितलं होतं ती मला तेव्हा पहिल्यांदा बाहेरून दिसली.

सत्यमला ठेवायला घरी कुणी नव्हतं. आम्ही तिघं हर्सूलच्या थांब्यावर बसमध्ये चढलो. केसरबाई खिडकीशी, मी शेजारी, सत्यम माझ्या मांडीवर. त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला होता, आणि त्यानं त्या उलट जास्तच नजरेत भरत होत्या.

चौका गावाच्या आधी पलीकडच्या सीटवरच्या माणसानं फोन काढला. फोनकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, पुन्हा फोनकडं. कदाचित वेळ बघत असेल. मी सत्यमला जवळ ओढलं. शेजारच्याला त्यानं कोपर मारलं की बस हलली?

मी एकच विचार करत होते. लेकरू माझ्या मांडीवर असेपर्यंत ती फोटोतली बाई आहे. लेकरू तिच्या मांडीवर गेलं तर ती आजी तरी होईल, नाहीतर चोर तरी. मधलं काही नाही. पाचच मिनिटं द्यायचं होतं. माझे हात उचलत नव्हते.

"आई, घ्या ह्याला जरा," मी मोठ्यानं म्हणाले. "हात भरून आला."

केसरबाईंनी पदराआडून माझ्याकडं बघितलं. "तू दे म्हणतीस म्हणून घेते," त्या पुटपुटल्या.

सत्यमनं जाताक्षणी त्यांचं नाक पकडलं.

"कुठं निघालात?" त्या माणसानं विचारलं.

"फुलंब्रीला. माहेरी."

"आई का तुमच्या?"

"हो."

"तोंडावळा येत नाही."

"मी बापावर गेलेय."

पुढच्या सीटवरची बाई हसली. तो हसला नाही. फोन त्यानं मांडीवर ठेवला, पण उलटा नाही, सुलटा.

मी रस्त्याकडं बघतेय असं दाखवत होते. माझा डावा हात केसरबाईंच्या कोपराखालून गेला होता, तो कधी गेला मला कळलं नाही, आणि सत्यमच्या झबल्याचं टोक माझ्या मुठीत घट्ट होतं. केसरबाईंना ते दिसलं. सत्यमला त्यांनी जरा माझ्या बाजूला सरकवून धरलं, मला धरायला सोपं जावं म्हणून.